ओळीत नाव घालायचं

बुधवार, १ नोव्हेंबर

लाल टिपका दाबला. आता बोलायचं म्हणे. मी बोलले की हा फोन लिहितो, तारीख घालतो आणि कुणाला दाखवत नाही. तोंड असलेल्या माणसापेक्षा बरा! मला अक्षर येत नाही. बहात्तर वर्षं अंगठ्यावर निघाली. ह्यानं काय लिहिलं ते मला कळायचं नाही, आणि बोलताना माझं तोंड कसं होतं ते ह्याला दिसायचं नाही. फिट्टंफाट.

फोन पंचीचा जुना. पंची म्हणजे पंचशीला, माझी नात, चोवीस वर्षांची घोडी. नांदेडला कॉलेज केलं, दोन वर्षं पुण्यात राहिली आणि परत देगलूरला येऊन शिकवती काय? तर हिप-हॉप! म्हणजे तालात भांडायचं. ढोलकीसुद्धा नाही — एक काळा स्पीकर आहे, त्यातून धप-धप निघतं. रोज संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये अकरा पोरंपोरी गोल करून उभी राहतात आणि एकेक जण मधी येऊन यमकात बोलतो. विचारलं, "ह्यानं काय होतं ग?" म्हणाली, "आजी, ज्याला कुणी विचारत नाही ना, त्यालाबी बोलता येतं." म्हटलं, मला न विचारताच बोलता येतं, माझी फी माफ कर!

सव्वीस तारखेला संविधान दिन. नगरपरिषदेच्या हॉलात तिच्या पोरांना अर्धा तास मिळालाय. त्या अर्ध्या तासापायी पोरगी धड जेवत नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

आज बघायला गेले. मला खुर्ची दिली. अध्यक्ष असल्यासारखी बसले.

आधी नुसत्या टाळ्या. चार टाळ्यांत एक ओळ बसवायची, चौथीला श्वास घ्यायचा. मग पंची म्हणती — सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगा. ऐकलेलं नको, पिक्चरमधलं नको. एकानं नळावरची मारामारी सांगितली. एका पोरीनं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत, पुलाखाली मेलेल्या गाढवाचं सांगितलं. सगळ्यांना कळलं. तेलंगणाच्या वेशीवरच्या देगलूरात कुणाला कळत नाही?

मग लढाई. दोघं समोरासमोर, एकमेकांची अब्रू काढायची, पण यमकात. पंचीचे नियम — आईवरून शिवी नाही, जातीवरून नाही, अंगावरून नाही.

"मग उरलं काय ग?" मी विचारलं.

"खरं उरलं, आजी."

लढता लढता एका पोरानं दुसऱ्याची कॉलर धरली. पंचीनं त्याचं मनगट पकडलं आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, "हात उचलला तो हरला!" तीनदा. पोरगं रडकुंडीला आलं. माझ्या मनात आलं, हा नियम असता तर आमच्या पिढीतले सगळे बापे पहिल्याच दिवशी हरले असते.

शेवटी मला धरलं. आजी, ओवी म्हणा. जातं गेलं, पीठ गिरणीत गेलं, ओवी राहिली. म्हटली —

जोंधळा भरडते, हात माझे दुखू दुखू,
साहेबराव बाळाचं नाव ओवीत राखू राखू!

साहेबराव माझा मुलगा, पंचीचा बाप. बसवर कंडक्टर आहे, विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष. अठरा वर्षं झाली, दारूला शिवला नाही, दुसरी बायको केली नाही, पोरीला एकट्यानं वाढवलं. दारात उभा राहून ऐकत होता. लाजला.

मंजुश्री नावाची एक पोरगी आहे, सोळाची, मोंढ्यातल्या मल्लेशच्या भुसार दुकानातली. घरी ट्यूशन सांगून येते. तिनं विचारलं, "आजी, ओवीत नाव कशाला?"

"नाव न्हाई घातलं तर ओवी उनाड होती बाई. कुणाची, कुणासाठी, काय कळायचं? ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या ओळीत घालायचं."

पोरीनं वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत! मला काय गुदगुल्या झाल्या.

रविवार, ५ नोव्हेंबर

मंजुश्री मधी आली. रोज कोपऱ्यात उभी राहणारी पोरगी. वही मिटवली आणि पाठ म्हणाली. मला एकदा ऐकलेलं लक्षात राहतं —

गिऱ्हाईकाला 'या बसा', पाण्याचा तांब्या हातात,
शटर खाली आलं की तोच हात माझ्या दातात.
आई म्हणते गप गं बाई, लग्नाची ही वेळ,
गालावरची पाच बोटं, पावडरीचा खेळ.
नाव पाहिजे? घ्या लिहून, मल्लेशअप्पा बाप,
मी मंजुश्री, त्याचीच लेक — मोजून देते माप!

टाळ्या एकदम वाजल्या.

पंची तिला बाजूला घेऊन म्हणाली, "नाव आत्ता नको. सव्वीसला बघू. तुला घरी जायचंय, मंजू." पोरीनं माझ्याकडं बोट केलं, "आजींनी सांगितलं." पंची माझ्याकडं अशी बघून राहिली की मी अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठले.

ओवीत भावाचं नाव घालतात, लेकाचं घालतात, कौतुकाचं घालतात. मारणाऱ्याचं घालतं का कुणी? मी ते सांगायलाच विसरले. आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

वर्गातल्याच एका दिवट्यानं व्हिडिओ काढला होता. सकाळी मोंढ्यात हमालसुद्धा म्हणत होते — "मोजून देते माप!"

बुधवार, ८ नोव्हेंबर

मल्लेश आला. हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा.

आधी स्पीकर फोडला. तीन घाव. मग मंजुश्रीची वेणी मनगटाला गुंडाळली — बैलाचा कासरा गुंडाळावा तशी, सवयीनं — आणि ओढत निघाला. पोरीचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. ओरडली नाही. हे लई वाईट. जी ओरडत नाही तिला सराव असतो.

पंची आडवी झाली. "काका, वेणी सोडा तिची." आकडा तिच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो, ओला ऊस मोडल्यासारखा असतो. तरी तिनं उजव्या हातानं पोरीचा ड्रेस सोडला नाही.

मी काय करणार? त्याचा अंगठा तोंडाजवळ आला, तो घेतला. तीनच दात राहिलेत माझे. तिन्ही कामी आले! "म्हातारे, सोड, सोड!" तो बोंबलून राहिला, आणि मला उत्तर द्यायचं होतं पण तोंड भरलेलं होतं. त्यानं मला भिंतीवर फेकलं. कंबरेतून कळ अजून येते. पण रक्त त्याचं माझ्या लुगड्यावर होतं, माझं त्याच्या सदऱ्यावर नव्हतं. हिशोब माझ्या बाजूनं.

इथपर्यंत मला मजा आली असं खरं खरं सांगते.

मग साहेबराव आला. ड्यूटीवरून, खाकीतच. पोरीचा लोंबता हात पाहिला. मल्लेशला एका धक्क्यात पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही कान धरून डोकं फरशीवर आपटायला लागला. एक. दोन. तीन. दात फरशीवर आले. मंजुश्री बापाला मारू नका म्हणून आता ओरडली — स्वतःसाठी नाही ओरडली! पंची ओरडली, "बाबा! हात उचलला तो हरला!" पोरंही ओरडली. त्याला ऐकू जात नव्हतं. चौघांनी ओढून काढलं तेव्हा तो हवेतच हात चालवत होता.

मी त्याचं तोंड पाहिलं. डोळे उघडे, आत कुणी नाही.

पंचीनंही पाहिलं. तिनं बापाचं ते तोंड आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी पंचीकडं पाहिलं आणि मला मल्लेशची भीती वाटायची बंद झाली. दुसरी सुरू झाली.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पंचीच्या हाताला प्लास्टर. मल्लेशच्या जबड्याला तारा. दोन्ही बाजूंची मोठी माणसं ठाण्यात बसली — तुम्हीही मारलं, आम्हीही मारलं, गाव तापायला नको, मिटवून घ्या. मिटलं. पोरींना कुणी विचारलं नाही.

माझा जबाब घेतला. मी सांगत गेले, हवालदार लिहीत गेला, खाली अंगठा. म्हणाला, "आजीबाई, तुम्ही लई सराईत सांगता." म्हटलं, दुसरी खेप आहे बाबा. पहिली अठरा वर्षांपूर्वी, सून गेली तेव्हा. महामाया, पंचीची आई. स्टोव्ह भडकला होता.

सोमवार, १३ नोव्हेंबर

गावात दिवाळीचे फटाके. वर्गाला चार पोरं. प्रत्येक फटाक्याला दाराकडं बघून राहिली. स्पीकर नाही, म्हणून पंचीनं मोडक्या हातानिशी तोंडानंच धप-धप केलं. मंजुश्री कोंडलेली आहे. तिच्या दुकानावरून मुद्दाम गेले. मल्लेश तारांतून गिऱ्हाईकाला हसून राहिला होता. वाटलं, वजनाचं माप उचलून राहिलेला जबडा सारखा करून द्यावा. मग आठवलं — हात उचलला तो हरला. फुकटचा नियम शिकून बसले!

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज पोरांनीच पंचीला धरलं. तो व्हिडिओवाला दिवटाच बोलला. "ताई, तुमी आमच्याकडून सगळं काढून घेता. आमच्या बापाची दारू, आमची उपासमार. मंजूनं नाव घेतलं, तिचं काय झालं बघा. तुमची ओळ कुठंय? तुमच्या घरात काय झालंच न्हाई का?"

दुसरी म्हणाली, "ताई बोलल्या तर आम्ही सव्वीसला येऊ. न्हाई तर न्हाई."

पंची म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी आधी म्हणते. माझ्या आईचं म्हणते."

मी म्हटलं, "चला, मला घरी जायचंय, कंबर दुखून राहिली." खरंच दुखत होती.

बुधवार, १५ नोव्हेंबर

भाकरी थापत होते. पंची समोर येऊन बसली, वही मांडीवर.

"आजी, त्या दिवशी काय झालं?"

"कितींदा सांगू? स्टोव्ह भडकला. तुझ्या आईला पंप मारायचं कळत नव्हतं. सुगरण होती, पण पंपाला अडाणी!"

"मी लहान होते तेव्हा तू म्हणायचीस पदर पेटला. दहावीत असताना म्हणालीस वात खराब होती. आता पंप."

"तिन्ही झालं असंल. स्टोव्ह एक, खोड्या तीन!"

हसली नाही. माझ्या कुठल्याही बोलण्यावर हसणारी पोरगी. म्हणाली, "बाबा मारायचे का तिला?"

"कोण नवरा मारत न्हाई? तुझ्या आजोबानं मला वखराच्या दांड्यानं बडवलंय. हा खांदा बघ, आजपर्यंत वर जात न्हाई. मी मेले का?"

"म्हणजे मारायचे."

भाकरी जळाली. जळालेलीच खाल्ली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

कंबर.

शनिवार, १८ नोव्हेंबर

जेवताना पंचीनं बापाला विचारलं. साधंच विचारलं. "बाबा, आई गेली त्या दिवशी तुम्ही घरी होता का ड्यूटीवर?"

साहेबराव म्हणाला, "ड्यूटीवर."

"डेपोतून जुने कागद मिळत असतील ना?"

त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. वरणाचा ओघळ बाबासाहेबांच्या फोटोखालून खाली आला. उठला. हात वर गेला. पंची बसल्या जागची हलली नाही, प्लास्टरचा हातसुद्धा मधी घातला नाही, नुसती बघून राहिली. तो हात तिथंच थांबला. मग त्यानं तो हात स्वतःच्या तोंडावर मारला. एकदा नाही. ओठ फुटेपर्यंत.

"मी वाढवलं तुला! एकट्यानं! तुझ्या वेण्या घातल्या मी! मल्लेशवर गाणं कर ना! त्यानं तुझा हात मोडला, त्याच्यावर कर!"

पंची म्हणाली, "त्याचं नाव घ्यायला मंजुश्री आहे, बाबा. मी माझ्या घरचं विचारते."

मी वरण पुसलं. पुसायला मी असतेच. नामांतराच्या साली आमची वस्ती जळताना पाहिली आहे मी. तेव्हा जाळणारे बाहेरून आले होते. त्यांना शिव्या देणं सोपं होतं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

साहेबराव माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "माय, तू बोलणार न्हाईस ना?" पन्नाशी उलटलेला माणूस. म्हटलं, "मी कधी गप बसलेय का?" तो हसला. मला हसवायचं नव्हतं.

बुधवार, २२ नोव्हेंबर

सगळी अकरा नाहीत, पण सात परत आली. पंचीनं आपल्या आठ ओळींतल्या सहा म्हणून दाखवल्या. शेवटच्या दोन अडल्यात.

शनिवार, २५ नोव्हेंबर

दुपारी शरणम्मा आली. मल्लेशची बायको, मंजुश्रीची आई. मागच्या दारानं, डोक्यावरून पदर ओढून. मी आधी तिला झाडूच दाखवणार होते. पण तिनं पदर सरकवला. डावा डोळा बंद, जांभळा, उकडलेल्या वांग्यासारखा.

म्हटलं, "ये. बस. तुझ्या नवऱ्याला दुसरा अंगठा नको झालाय का?"

हसली बिचारी. हसताना दुखलं. म्हणाली, "मावशी, उद्या मी मंजूला घेऊन येणार हाय. तिच्या खोलीची किल्ली माझ्या कंबरेला हाय. इतके दिवस माझ्याच कंबरेला होती! तो मारायचा अन् मी आतून कडी लावायची. म्हणायची, शेजाऱ्यांना दिसायला नको. पोरीनं बापाचं नाव घेतलं मावशी, माझं घेतलं न्हाई. तिला म्हटलं, माझंबी घाल. मी कडी लावायची, तेबी घाल."

मी ओला फडका आणून तिच्या डोळ्यावर ठेवला.

मग ती पुढं सरकली, माझ्या पायाला हात लावला. "तुमच्यासारखं काळीज पाहिजे. सून जळत होती तेव्हा तुमी एकट्या विझवायला धावला म्हणे. सगळं गाव सांगतं. मी तुमचंच नाव मनात घेऊन आज किल्ली काढली."

पाय मागं घेतले. म्हटलं चहा ठेवते. आत गेले आणि भिंतीला धरून उभी राहिले. चहा ठेवलाच नाही. ती बराच वेळ बसून निघून गेली.

रविवार, २६ नोव्हेंबर

हॉल भरला होता. उसना स्पीकर. पोरं एकेक करून आली — नळ आला, गाढव आलं, दारू आली. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले.

शरणम्मा मंजुश्रीचा हात धरून आली, सुजलेला डोळा न झाकता, पदर न घेता. मल्लेश दारात येऊन उभा राहिला. जबड्यात तारा, हातात ह्या वेळी काही नाही. मधी शंभर माणसं. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी वाटही दिली नाही. मंजुश्रीनं त्याच्याकडं बघूनच म्हटलं, सगळंच्या सगळं, आणि शेवटी दोन नव्या ओळी —

कडी लावली आईनं, आज तिनंच काढली,
शरणम्मा नाव तिचं, तिनंच मला धाडली!

बायका उभ्या राहिल्या. मल्लेश पायऱ्या उतरून गेला. त्याची पाठ पाहिली, आणि पहिल्यांदा मला त्या पाठीवर काही फेकून मारावंसं वाटलं नाही. मी स्वतःच्या विचारात होते.

मग पंची. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातात माइक. साहेबराव माझ्या शेजारच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट.

सहा वर्षांची होते मी, पाटी होती हातात,
धूर सगळा निघून गेला, वास होता भातात.
कुणी उचललं, कुणी म्हणालं बघू नको गं बाई,
मी बघितलं. बांगडी होती. बांगडीत हात नाही.
स्टोव्ह भडकला म्हणाले सगळे, मीही तेच म्हणाले,
अठरा वर्षं एकच उत्तर पाठ करत आले.
पोरांना सांगते नाव घ्या, माझीच जागा कोरी,
इथं कुणाचं नाव बसतं? विचारते आईची पोरी.

आणि गप्प. स्पीकरही बंद केला तिनं. नुसत्या पोरांच्या टाळ्या — एक. दोन. तीन. चार. तेवढी जागा तिनं रिकामी ठेवली. कुणाकडं बोट केलं नाही. बापाकडं नाही, माझ्याकडं नाही. डोळे मिटून उभी राहिली, उत्तर येईल म्हणून.

पहिल्या टाळीला साहेबरावनं माझा हात धरला. लहानपणी बाजाराच्या गर्दीत धरायचा तसा. दुसरीला दाबला. तिसरीला माझी बोटं मोडतील इतका दाबला. चौथीला मी त्याच्याकडं पाहिलं. तो रडत होता. मला वाटलं आता हा उठेल, आता बोलेल.

नाही उठला. कसा उठेल? त्याला नावच अर्धं माहीत आहे.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पंचीनं डोळे उघडले, वही मिटली आणि मागं जाऊन पोरांत बसली. माझं तोंड आयुष्यात कधी बंद राहिलं असेल तर त्या चार टाळ्या.

सोमवार, २७ नोव्हेंबर

अठरा वर्षांपूर्वी साहेबरावनं महामायाला तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीनं मारलं. डोक्यात, दोनदा. ती पडली, हलेना. तो तसाच बाहेर पळाला. त्याला वाटतं ती त्याच्याच हातानं मेली आणि मी नुसतं झाकलं. रॉकेल मी ओतलं. काडी मी लावली. माझं पोरगं वाचवायचं होतं.

काडी लागल्यावर ती ओरडली.

पंची उठली आहे. हा फोन तिच्या हातात देते. ठाण्यात तिनंच घेऊन जावं. आणि त्या कोऱ्या जागेत माझं नाव घाल म्हणते, साखराबाई. चार टाळ्यांत बसतं, मी म्हणून पाहिलं.